फक्कीचं स्वयंपाकघर

माझ्या स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावावा लागतो. घरी पहिल्यांदा येणारा माणूस आधी बैठक बघतो, मग मधला उजेडाने भरलेला चौक बघतो आणि पाणी प्यायला मागच्या खोलीत आला की दारातच अडखळून विचारतो, "अहो, एवढी छान जागा सोडून इथे कुठे स्वयंपाकघर केलंत?" हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आता मी उत्तर देत नाही. "मला अंधारच आवडतो," म्हणते आणि चहाचं आधण ठेवते. खरं उत्तर मोठं आहे आणि ते सांगायला घेतलं की मला अजूनही राग येतो.

लग्न होऊन कंधारहून निघाले ती थेट भाड्याच्या खोलीत शिरले. यजमान सरकारी नोकरीत, कारकून. बदली झाली की खोली बदलायची, पण सगळ्या खोल्यांतलं स्वयंपाकघर एकाच जातीचं. म्हणजे एक कोपरा, त्याला साडीचा पडदा आणि पडद्यापलीकडून मालकिणीचा मोरीकडे जायचा रस्ता. एक मालकीण तर जाता जाता माझ्या पातेल्यावरचं झाकण उचलून बघायची. "आज पुन्हा वांगंच का?" म्हणायची आणि झाकण तिरकं ठेवून निघून जायची. मी ते झाकण सरळ करायची आणि मनात स्वतःचं स्वयंपाकघर बांधायची. उभ्याने रांधायचा ओटा, पूर्वेला खिडकी, डब्यांसाठी फळी आणि आतून कडी लागेल असं दार. बाकी घर कसंही असू दे, माझं काही म्हणणं नव्हतं. कडीचं मात्र होतं.

मग लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादेहून जी माणसं नव्या कचेरीत पाठवली त्यांत आमचेही होते. घरात मुलगा झाल्यासारखे ते आनंदले. "जिल्हा झाला आपला," असं जो भेटेल त्याला सांगत सुटले. जिल्हा झाला खरा, पण राहायला खोली मिळेना. सगळी खाती, सगळे साहेब, सगळे शिपाई एकदमच गावात आलेले. लोकांनी गोठे सारवून भाड्याने दिले. आम्ही काही महिने एका वखारीच्या माडीवर काढले आणि तिथेच मी हट्ट धरला की आता भाड्याचं बास, पडकं का असेना पण आपलं घर घ्यायचं.

पडकंच मिळालं. गोलाईच्या, म्हणजे गावातल्या गोल बाजारपेठेच्या, मागच्या गल्लीत एका डाळमिलवाल्याचं जुनं घर होतं. त्यात कोणी राहत नव्हतं, मिलचं रिकामं बारदान तेवढं भरून ठेवलेलं असायचं. पुढे दोन खोल्या, त्यांवर मातीचं माळवद, मध्ये उघडा चौक, मागे एक कोंदट खोली. माळवदावर गवत उगवून वाळलेलं. भिंतींना तुरीच्या भुशाचा असा वास की धुतल्यावरही तो महिनोन्महिने गेला नाही. चौकात राखेचा आणि फुटक्या कौलांचा ढीग होता, त्यावर शेजारच्या शेळ्या बसायच्या. यजमान दारातूनच मागे फिरले. मी मात्र शेळ्या हाकलून चौकात जाऊन उभी राहिले. सकाळची वेळ होती आणि पूर्वेच्या बुटक्या भिंतीवरून ऊन नेमकं माझ्या तोंडावर येत होतं. माझी खिडकी कुठे होणार हे मला तिथेच कळलं.

मिस्त्री ठरवला तो खोरी गल्लीतला होता. त्याला सगळे चाचा म्हणत, मीही म्हणू लागले. जिल्हा झाल्यापासून गावात मिस्त्र्यांचा भाव साहेबांच्या वर गेला होता. जिकडे तिकडे क्वार्टर उठत होते. चाचा एक दिवस यायचा आणि पुढचे पंधरा दिवस कुठे जायचा ते अल्लालाच ठाऊक. आला की आधी चहा, मग पान, मग भिंतीकडे मान तिरकी करून बघणं. मी काही बोलले की म्हणायचा, "भाभी, घर काय रोज रोज बांधतो का आपण? घाई कामून करून राहिल्या?" मी म्हणायची, "चाचा, माझी हाडं म्हातारी व्हायच्या आत एक ओटा बांधा." त्यावर तो खो खो हसायचा आणि ओळंबा तिथेच खुंटीला टांगून दुपारच्या नमाजाला जायचा. संध्याकाळी ओळंबा घ्यायला कोणीतरी यायचं, चाचा यायचा नाही. असला संताप व्हायचा, पण दुसरा मिस्त्री मिळणार नाही हे त्यालाही माहीत आणि मलाही.

एक काम मात्र त्याने पहिल्याच दिवशी केलं होतं. चौक झाडून घेतल्यावर त्याने चुन्याची फक्की मागवली आणि मुठीतून पांढरी पूड सोडत जमिनीवर माझं स्वयंपाकघर आखून दिलं. इथे भिंत, इथे ओटा, इथे फळी, इथे खिडकी. दाराच्या जागी रेघ तोडून मोकळी जागा ठेवली. मी त्या मोकळ्या जागेतून आत गेले आणि ओट्यापाशी उभी राहिले. यजमान हसले. मी नाही हसले. इतक्या वर्षांत माझ्या मनाजोगतं झालेलं ते पहिलं स्वयंपाकघर होतं.

एवढ्यात दुष्काळाने गाव धरलं. पाऊस आदल्या वर्षीही नीट झाला नव्हता, यंदा त्याने तोंडच दाखवलं नाही. नळाला कधीतरी पाणी यायचं, मग तेही बंद झालं आणि टँकर सुरू झाले. टँकर गल्लीच्या तोंडाशी थांबायचा आणि तिथे घागरींची नुसती मारामारी व्हायची. प्यायला पाणी नाही तिथे बांधकामाला कोण देणार? विटा भिजवायला पाणी नाही, सिमेंट कालवायला नाही. चाचाला तर आयतंच कारण मिळालं. "पानी न्हाई तर मी काय थुंकून भिंत बांधू?" म्हणाला आणि नमस्कार करून गेला.

तेव्हा मला राखेच्या ढिगाखाली सापडलेली ती मोठी गोल शिळा आठवली. ढीग काढताना ती दिसली होती आणि मिलच्या जुन्या हमालाने सांगितलं होतं की खाली आड आहे, मिलवाल्याने पोरंबिरं पडू नयेत म्हणून झाकून टाकला. नेमका माझ्या फक्कीच्या रेघांच्या आत, ओट्यापासून दोन हातांवर. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं, वरून फरशी टाकू म्हटलं होतं. आता मीच चार माणसं बोलावली आणि शिळा हटवली. आत दगडी बांधणीचा अरुंद आड होता. खडा टाकला तर बऱ्याच वेळाने डुबुक आवाज आला. तो आवाज ऐकून मी यजमानांचा हात धरला. घर बांधण्यापुरतं पाणी घ्यायचं आणि मग शिळा पुन्हा बसवून वर स्वयंपाकघर बांधायचं, असं मी ठरवलं. कोणाला सांगायचं नाही हेही ठरवलं.

सांगायची वेळच आली नाही. पाणी मिळाल्याबरोबर चाचाला असा हुरूप आला की त्याने पुढच्या खोलीची भिंत चढवली आणि पोरांना हुकूम सोडला, "मारा पानी, सोडू नका." दोन दिवस त्यांनी भिंतीला आंघोळ घातली. ते पाणी भिंतीवरून उतरलं, चौकात आलं, उंबऱ्याखालच्या मोरीतून बाहेर पडलं आणि गल्लीच्या कोरड्या नालीतून भर उन्हात खळखळ वाहत गेलं. ज्या गल्लीत बायका घागरीसाठी एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या, त्या गल्लीतून! असला गाढवपणा आमच्याशिवाय कोणी केला नसता.

पाण्याचा माग काढत पहिल्यांदा आल्या त्या समोरच्या अक्का. गळ्यात चांदीची लिंगाची करंडी, कपाळाला भस्म आणि आवाज असा की गोलाईतून ऐकू यावा. त्यांच्या घरच्या आप्पांचं भुसार दुकान होतं, पण गल्ली चालवायच्या त्या अक्काच. उंबऱ्यात उभ्या राहून आधी त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाई, भितीला पाणी पाजून राहिलाव व्हय?"

मी म्हटलं, "अक्का, नवं बांधकाम आहे, मारावं लागतं."

"हाव, मारा की. भितीचं पोट भरलं असंल तर आता आमच्या कळशीचं बघा." एवढं बोलून त्या माझ्या उत्तराची वाट न बघता सरळ आत चौकात गेल्या, आडात डोकावल्या आणि तिथूनच गल्लीला हाक मारली.

त्या दिवसापासून माझं घर रस्ता झालं. बिऱ्हाड वखारीच्या माडीवरच होतं, पण सामानाच्या राखणीला आम्ही रात्री इथे मागच्या खोलीत झोपायचो आणि पुढचं दार नुसतं लोटलेलं असायचं. पहाटे कोंबडं आरवायच्या आधी पहिली कळशी दारात वाजायची. बैठकीतून चौकात आणि चौकातून पुन्हा बैठकीत बायकांची रांग. सुरुवातीला प्रत्येकीचा दोर वेगळा, पोहरा वेगळा. एकीच्या दोराला दुसरी हात लावायची नाही. वाण्यांच्या बायका वेगळ्या उभ्या, मोमिनांच्या वेगळ्या, खालच्या आळीतल्या भिंतीला टेकून आपली पाळी येईल तशा. मग दोर झिजू लागले, तुटू लागले आणि बघता बघता सगळ्यांमिळून एकच दोर उरला. त्याचं कोणाला काही वाटलं नाही. वाटलं ते मला, कारण तो दोर ठेवायला त्यांनी खुंटी ठोकली ती माझ्या नव्या भिंतीत.

बैठकीत मी हौसेने शहाबादी फरशी बसवून घेतली होती. सांधे वाळायच्या आत तीवरून ओल्या पायांची वर्दळ सुरू झाली. मी रोज संध्याकाळी कपाळाला आठ्या घालून फरशी पुसायची. आणि रोज चौकातल्या माझ्या रेघा गेलेल्या असायच्या. मला वाटायचं, एवढ्या बायका, एवढे पाय, कोण बघतंय खाली? कोणाला पडलंय माझ्या ओट्याचं? मग मी फक्कीची पाटी घ्यायची आणि वाकून वाकून पुन्हा रेघा ओढायची. भिंत, ओटा, फळी, खिडकी, दार. यजमान म्हणायचे, "कशाला कंबर मोडून घेतेस? उद्या पुन्हा जाणारच." मी म्हणायची, "जाऊ दे. पुन्हा ओढीन." ती फक्की नव्हती, माझा हट्ट होता.

मग पुढच्या खोल्यांचा स्लॅब टाकला. माळवद उतरवून सळया बांधल्या, सेंट्रिंग लावलं आणि चाचाने नशिबाने एका दिवसात काम उरकलं. जाताना बजावून गेला, "भाभी, वर मातीचे वाफे केलेत. त्यात पानी भरून ठेवायचं. वाफे सुकले तर स्लॅब तडकंल, मग मला बोल लावायचा न्हाई." आडाला पाणी होतं पण ते किती? पहाटे भरलेला आड ऊन चढेपर्यंत बायका खरवडून रिकामा करायच्या. नंतर वर येणारा पोहरा अर्धा गाळाचा. मी यजमानांना म्हटलं, "बायकांना आठवडाभर येऊ नका म्हणून सांगा." ते म्हणाले, "बघतो." त्यांचं "बघतो" म्हणजे काय ते मला माहीत होतं. ते चपला घालून कचेरीत बघायला गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मीच उठले आणि पुढच्या दाराला आतून कडी लावली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या दाराला स्वतःच्या हाताने लावलेली कडी. मग पदर खोचून पोहऱ्यामागून पोहरा काढायला लागले. यजमान बादल्या शिडीने वर नेऊन वाफ्यांत ओतत होते. बाहेर दारापुढच्या ओट्यावर कळश्या टेकल्याचे आवाज येऊ लागले. एक, मग दुसरी, मग पुष्कळ. कोणी दार वाजवलं नाही. मी भांडणाची सगळी तयारी करून ठेवली होती. काय बोलायचं, कसं बोलायचं, सगळं ओठांवर होतं. आणि बाहेरून अक्कांचा आवाज आला.

"बाई, डोई धुवायलाव जणू! धुवा निवांत. आम्ही बसलाव हितंच."

मी दोर हातात धरून तशीच उभी राहिले. दार बंद म्हणजे बाई न्हात असणार, याच्या पलीकडे त्यांच्या डोक्यात काही येतच नव्हतं. दार आपल्यासाठी बंद असेल ही शक्यता एकीच्याही मनाला शिवली नाही. भांडायचं कोणाशी? मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. शेवटी मी कडी काढली. अक्का आत आल्या, त्यांनी माझ्या कोरड्या केसांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "न्हाई धुतली? बरं केलं. पाणी जपून वापरावं माणसानं."

स्लॅब तडकला. फार नाही, केसाएवढी एक रेघ बैठकीच्या आढ्याला गेली. पावसाळ्यात अजूनही तिथे खाली पातेलं ठेवावं लागतं. चाचाने ती रेघ पाहून नुसते हात वर केले. मी त्याला म्हटलं, "ते जाऊ दे. आता शिळा बसवा आणि माझं स्वयंपाकघर बांधायला घ्या." तर हा गडी कानाला हात लावून मागे सरला. "भाभी, गाव प्यालालंय ते पानी. त्याच्यावर दगड ठेवायला माझ्याच्यानं व्हनार न्हाई. दुसरा मिस्त्री बघा." दुसरा मिस्त्री! इतके दिवस हाच माणूस सिमेंटच्या पाटीवर बसून मला टोलवत होता आणि आता त्याला एकदम धर्म आठवला. यजमानही त्याच्याच बाजूने माना डोलवायला लागले. त्या रात्री मी दोघांच्या नावाने बोटं मोडली आणि जेवलेच नाही.

वखारीच्या मालकाला माडी रिकामी करून हवी होती, म्हणून आम्ही अर्धवट घरातच बिऱ्हाड हलवायचं ठरवलं. स्वयंपाकाचं सामान मागच्या कोंदट खोलीत लावलं. "तात्पुरतं," असं यजमान म्हणाले. सरकारी माणसाचं तात्पुरतं किती टिकतं हे मला ठाऊक होतं.

वास्तुशांतीला नांदेडहून माझी धाकटी बहीण आली. तिच्या नव्या घरात पांढऱ्या टाइलांचं स्वयंपाकघर होतं, त्याबद्दल मी तिच्या तोंडून पुष्कळ ऐकलं होतं. हात धरून तिला आपलं घर दाखवायचं, ही माझी फार वर्षांची हौस. त्यासाठी मी आदल्या संध्याकाळी फक्कीच्या रेघा नव्याने ओढून ठेवल्या होत्या. निदान कुठे काय होणार होतं ते तरी दाखवता येईल. पण सकाळपासून मी पाटावर बसलेली, डोळ्यांत होमाचा धूर, आणि तेवढ्यात चौकातून अक्कांचा आवाज आला. अक्का माझ्या बहिणीला माझं घर दाखवत होत्या.

"हाव हाव, तिकडून नका येऊ, तिकडं भित हाय. हितून या. हे दार."

मी पाटावरून उठले. भटजी "अहो, अहो" करत राहिले. चौकात गेले तर अक्का त्या फक्कीच्या रेघांत उभ्या राहून हात करून सांगत होत्या. "ह्यो वटा. उभ्यानं सैपाक करायचा बाईस्नी. ही डब्याची फळी. आन् हितं खिडकी, सकाळचं ऊन येतंय बघा बरोबर." मी खिडकीबद्दल अक्कांना कधीच काही सांगितलं नव्हतं. मी त्यांच्याशी गरजेपलीकडे बोलतच नव्हते.

मी म्हटलं, "अक्का, नाहीये तिथे ओटा! काहीच नाहीये तिथे. तुम्ही सगळ्यांनी रोज तुडवून तुडवून रेघसुद्धा राहू दिली नाहीत!" आवाज इतका चढला की बैठकीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. इतक्या महिन्यांचं साचलेलं सगळं एकदम बाहेर आलं आणि मला पाहुण्यांसमोर रडू फुटलं.

अक्कांना वाईट वाटलं नाही. नवलच वाटलं. "आम्ही कामून तुडवू बाई? रेघा पाण्यानं जायच्या. कळशी हिंदकळती की. पाय न्हाई पडू दिला कुणी. एवढा वटा तुमचा, वट्यावर पाय देत्यात का?"

मला ते खरं वाटलं नाही. पहाटेच्या वेळी मी मागे असायची, मला काय माहीत? मी डोळे पुसत तसं बोलूनही दाखवणार होते. तेवढ्यात पंगतीसाठी पाणी हवं म्हणून कोणीतरी हाक दिली आणि अक्कांनी बायकांना आडाकडे पिटाळलं. चौक मोकळा होता, कुठूनही जाता आलं असतं. पण त्या एकामागे एक वळसा घालून रेघेतल्या मोकळ्या जागेपाशी आल्या आणि तिथूनच आत गेल्या. परत येताना कमरेवर भरलेली कळशी असल्यामुळे प्रत्येक बाई त्या जागी जराशी अंग चोरून, तिरकी होऊन बाहेर पडत होती. चौकटीला कळशी लागू नये म्हणून.

बहीण माझ्याकडे बघत होती. मी नाक पुसलं, एक रिकामी घागर उचलली आणि त्यांच्या मागे रांगेत, दारापाशी जाऊन उभी राहिले.